वीस अंशांवरचा माणूस

बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना सायकलच्या हँडलला लोकरीचा स्वेटर लटकवून कारखान्यात शिरणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर मापखोलीत कामाला असतो. मायक्रॉन मापखोलीत कामाला होता. एकतीस वर्षं. त्या खोलीत बारा महिने वीस अंश. वर नाही की खाली नाही. लोखंड तापलं की फुगतं, निवलं की आकसतं. मग त्याचं खरं माप कुठलं? तर वीस अंशांवरचं, असं शहाण्या माणसांनी कधीकाळी ठरवून टाकलं होतं. बाकी जग ते विसरलं असेल, मायक्रॉन विसरला नाही.

खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, तिथंच राहिलं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. माणसाचा केस सत्तरएक मायक्रॉन जाड असतो, ही माहिती तो कुणालाही, न विचारता द्यायचा. न्हाव्याला तर दर महिन्याला. न्हावीही पक्का. कात्री हातात घेऊन गंभीरपणे विचारायचा, "काका, आज किती मायक्रॉन कमी करू?"

घरात हीच तऱ्हा. सुतारानं स्वयंपाकघराचं दार बसवलं तर हा चौकटीच्या फटीत पोलादी पत्त्या सारून बघत बसला आणि म्हणाला, "वरती जास्त आहे." सुतारानं हत्यारं पिशवीत भरली. "काका, दार लावायचंय की विमान उडवायचंय?" दार तसंच राहिलं. बायको म्हणायची, "यांच्याशी संसार केला म्हणजे काय, रोज परीक्षा. मीठ कमी झालं तर चालतं, पण डबा फळीवर वाकडा ठेवून बघा."

पण कारखान्यात त्याला कुणी हसत नसे. हसायची सोय नव्हती. लेथवरनं काढलेला तुकडा फडक्यात धरून कारागीर धावत यायचा. "काका, लवकर सांगा, मशीन खोळंबलंय." मायक्रॉन तो तुकडा घेऊन बिडाच्या सपाट पाटावर ठेवायचा आणि त्याच्याकडे पाठ फिरवायचा.

"अहो, मोजा की!"

"मुरू दे."

"किती वेळ?"

"त्याला विचार."

तुकडा निवेपर्यंत तासभर जायचा. कारागीर शिव्या घालायचा. आधी मनात, मग दाराबाहेर जाऊन मोठ्यानं. मायक्रॉनचा एकच मंत्र होता: गरम माप खोटं. तरुणपणी याच मंत्रापायी नोकरी जायची वेळ आली होती. दोनशे दांड्यांची मागणी होती, मुकादमानं सगळे गरमागरम मोजून पास केले, आणि मायक्रॉननं सही करायला नकार दिला. मुकादमानं दुसऱ्याची सही घेऊन माल धाडला. महिन्याभरात दोनशेच्या दोनशे परत आले. निवल्यावर सगळे ढिले. त्या दिवसापासून मोठे साहेबसुद्धा मापखोलीच्या दारात बूट पुसून उभे राहायचे आणि विचारायचे, "येऊ का?" एका माणसाच्या आयुष्यात एवढा मान पुष्कळ झाला. तो त्याला पुरला असता. घोडं अडलं ते मुलीपाशी.

मुलगी एकुलती एक. आठ वर्षांची असताना शाळेला सुट्टी म्हणून बापानं तिला एकदा मापखोलीत नेलं. त्याचाच स्वेटर घालून, बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबत असताना, ती त्या पाटापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, इथं किती शांत आहे." झालं. बाप तिथंच विरघळला. दहाव्या वाढदिवसाला इतरांच्या मुलींना सायकली मिळाल्या, हिला लाकडी पेटीतला मायक्रोमीटर. पोरगी अशी की रुसली नाही. वर्गातल्या सगळ्या मुलींचे केस मोजून तिनं वहीत तक्ता केला. त्यात मास्तरीणबाईंचा केस सगळ्यात बारीक निघाला, म्हणून बाईंनी तिला अंगठे धरून उभी केली.

पुढं अभियांत्रिकी. शाखा यांत्रिकी. वर्गात साठ मुलगे आणि चार मुली; मापनशास्त्रात पहिली हीच. शेवटच्या वर्षी संगणकाची एक मोठी कंपनी कॉलेजात माणसं उचलायला आली. त्यांना शाखेशी देणंघेणं नव्हतं. पन्नास जणांना उचललं, त्यात ही. पत्र घेऊन घरी आली तेव्हा मामा चहा पीत बसला होता. मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्यानं पत्र वाचून टाळी दिली. "सुटली पोरगी!"

मायक्रॉन म्हणाला, "चार वर्षं लोखंड शिकून आता कळा बडवायच्या?"

"दाजी, जग तिकडंच चाललंय."

"चालू दे. यंत्र आहे तोवर माप आहे आणि माप आहे तोवर मापणारा लागणारच. ही फॅशन आहे, उतरेल."

"दाजी, तुमचं लोखंड म्हणजे म्हातारा बैल. कामालाही येत नाही नि मरतही नाही."

मुलगी दोघांकडं बघत होती. मग तिनं बापाकडं बघितलं, आणि पत्राची घडी घातली. कुणी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. मायक्रॉन पुढं सगळ्यांना हेच सांगायचा, "मी जबरदस्ती केली नाही." इतक्यांदा सांगायचा, की ऐकणाऱ्याला शंका यावी.

त्याला सात वर्षं झाली. पहिली नोकरी एका छोट्या कारखान्यात तपासणीची, दीड वर्षात कारखाना बंद. दुसरी कंत्राटी, अकरा महिन्यांची. बारावा महिना लागू नये म्हणून अकराच. मग तिच्याच कॉलेजात प्रयोगशाळेत तासावर. यांत्रिकी शाखेला मुलं मिळेनाशी झाली, शाखाच बंद पडली. जिथं लेथ होते त्या शेडमध्ये आता गुळगुळीत फरशी बसवून कसलातरी व्यवस्थापनाचा वर्ग चालतो. लेथ उचलून नेले तेव्हा ही दारात उभी होती. चार मुलींतली एक विमा विकते, एक परदेशात मुलं सांभाळते, एक लग्नानंतर कुठं गेली कुणाला माहीत नाही. चौथी ही.

मायक्रॉनचं एक व्यसन या काळात वाढलं. पेपरातल्या करिअर पुरवणीतली कात्रणं. 'यांत्रिकी अभियंत्यांसाठी सुवर्णसंधी.' 'अचूक मापनाला येत्या दशकात प्रचंड मागणी.' कडा पट्टीनं सरळ कापून, तारीख घालून फाइलीत. फाइल फुगली. एकदा बायकोनं जुनी दहा-वीस कात्रणं फळीवर डब्यांखाली अंथरली, तर हा दोन दिवस बोलला नाही. ती म्हणाली, "अहो, संधी खालीच आहे, डबा उचलला की दिसते." मुलगी हसली. तोही हसला असता, पण मुलीचं हसू अर्ध्यावर मोडलेलं त्यानं पाहिलं.

मग ती जाहिरात आली. सरकारी कारखान्यात माप-निरीक्षक. जागा दोन. वयाची अट बघितली तर हिच्या हातात अवघे एकोणीस दिवस. यानंतर कुठल्याच सरकारी दाराला तिनं कडी वाजवायची सोय नव्हती. लेखी परीक्षेला नऊशे बसले, चाळीस निवडले. त्यात हिचा नंबर तिसरा. उरलं होतं ते प्रात्यक्षिक, म्हणजे हातात तुकडा देऊन मोजायला लावणार. दहाव्या वर्षापासून जी गोष्ट करत आली ती.

"आता मात्र कुणाच्या बापाची टाप नाही," मायक्रॉन म्हणाला.

"बापाचीच आहे," मामा म्हणाला, पण हळू.

त्याच महिन्यात मापखोली बंद झाली होती. नव्या मशिनी आपलं माप आपणच घेतात, वेगळी खोली लागत नाही, असं नव्या साहेबांनी सांगितलं. नवे साहेब बूट न पुसताच आत आले होते. खोलीतला एसी काढून संगणकाच्या खोलीत बसवला, कारण संगणक तापतात. मायक्रॉनची निवृत्ती आठ महिन्यांवर होती. तोवर बसा, म्हणाले. तो बसायचा. खोलीत आता छत्तीस अंश. स्वेटर खुंटीला. घरी त्यानं यातलं काही सांगितलं नाही. रोज स्वेटर घेऊन जायचा आणि घेऊन यायचा.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मुलगी दुपारी परत आली. पायऱ्यांवर बसून बूट काढता काढता म्हणाली, "दहातली सहाच झाली."

आईच्या हातातलं भांडं थांबलं. "सहाच? का गं?"

"दहा पायऱ्यांचा दांडा होता, सगळे व्यास नव्वद-शंभर मिलिमीटरचे. वेळ पाऊण तास. पण आई, दांडा गरम होता. शेजारच्या शेडमध्ये लेथवरनं काढत होते, तिथला माणूस मापून तक्त्यात लिहीत होता आणि लगेच आमच्या हातात. चटका बसत नव्हता, पण गरम. बाकीच्यांनी धडाधड मोजायला घेतलं. मी बिडाच्या पाटावर ठेवला आणि अर्धा तास थांबले."

"अर्धा तास नुसती बसलीस?"

"मुरू दिला."

मायक्रॉन आतून बाहेर आला. सात वर्षांत पहिल्यांदा त्यानं मुलीच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! चाळिसांत एक निघाली. बाकीच्यांची दहाच्या दहा खोटी, हिची सहाच्या सहा खरी. तपासणारा माणूस काय गाढव असेल?"

अकरा दिवस तो माणूस हवेत होता. न्हाव्याकडं महिना भरला नव्हता तरी गेला, नुसतं सांगायला. मामाच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाईक उभं असताना, लोखंड किती फुगतं ते समजावून आला. "नव्वदच्या व्यासाला पंधरा-वीस मायक्रॉनचा फरक पडतो, आहेस कुठं!" मामा म्हणाला, "दाजी, गिऱ्हाइकाला काच बदलून हवीय."

बाराव्या दिवशी निकाल लागला. मुलीनं मोबाइलवर बघितला आणि मोबाइल आईच्या हातात दिला. लेखीत तिसरी. प्रात्यक्षिकात शून्य.

सहा नाही. शून्य.

मामा धावत आला. त्याच्या तोंडून निघून गेलं, "अहो, डोळे मिटून आकडे टाकले असते तरी एखादा लागला असता!" बायकोनं भावाकडं असं पाहिलं की तो गप खुर्चीत बसला. मुलगी म्हणाली, "मामा बरोबर बोलतोय. कुठंतरी मीच चुकले असेन. शून्य चुकायला हवी होती का काय बघायचं होतं." वाक्य धड लागत नव्हतं. कुणी दुरुस्त केलं नाही.

मायक्रॉननं चप्पल घातली. त्या सरकारी कारखान्यात परीक्षक कोण होता हे त्याला माहीत होतं. एवढे दिवस मुद्दाम भेटला नव्हता, उगीच वशिला नको म्हणून. वीस वर्षांपूर्वी तो मायक्रॉनच्याच हाताखाली शिकला होता. हात चपळ, जीव उतावळा; मायक्रॉननंच त्याचं नाव फटाफट ठेवलं होतं. आता तो अधिकारी होता. खोलीला पडदा, टेबलाला काच.

फटाफट उठून उभा राहिला. "काका! तुम्ही? बसा."

मायक्रॉन उभाच राहिला. "शून्य कसं आलं?"

फटाफटनं आधी दार लावलं. मग बराच वेळ टेबलावरचं पेन सरळ केलं. "ती तुमची मुलगी, हे मला आडनावावरून नंतर कळलं."

"ते सोड. शून्य कसं?"

"काका, तुकडे आदल्या दिवशी यायचे होते, आले नाहीत. सकाळी कातायला घेतले. चाळीस पोरं दारात, वरनं साहेबांचे फोन. काढला की मापायचा, आकडा लिहायचा, पोराच्या हातात द्यायचा. पाच मायक्रॉनपर्यंत फरक चालेल, असं ठरलं होतं."

समजलं तेव्हा मायक्रॉन बसला. "म्हणजे उत्तरंच गरम मोजलीस."

"हो."

"ज्यांनी गरम मोजले त्यांचे आकडे तुझ्या आकड्यांशी जुळले."

"हो काका."

"आणि जिनं निववला..."

"तिचे सहाही वीस मायक्रॉननं कमी. मी तक्ता बघताना ओळखलं हो. सहाही सारख्याच हिशेबानं कमी. म्हटलं, ही पोरगी थांबली. चाळिसांत एकटी थांबली."

"मग दुरुस्त कर."

"कशावरनं? तुकडे त्याच संध्याकाळी भंगारात गेले, वितळलेसुद्धा असतील. नुसत्या माझ्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार? आणि ठेवला तर बाकी एकोणचाळीस शून्यावर येतात. तक्त्यावर सही माझी आहे काका. मला अजून दहा वर्षं काढायचीत."

मायक्रॉन म्हणाला, "तुला मी शिकवलं होतं."

"शिकवलं होतं," फटाफट म्हणाला. "विसरलो नव्हतो. वेळ नव्हता." मग हळू आवाजात, "चहा सांगू?"

घरी येताना मायक्रॉन सायकल हातात धरून चालत आला. वाटेत त्यानं ठरवलं की पोरीला सांगायचं. आपण चुकलो असं तिच्या मनात राहू नये. निदान एवढं तरी तिला मिळावं: तू बरोबर होतीस. त्याला वाटलं, याहून मोठं औषध नाही. त्याच्या स्वतःच्या आयुष्याला ते एकतीस वर्षं पुरलं होतं.

मुलगी स्वयंपाकघरात मटार सोलत होती. वाकड्या दाराच्या चौकटीत उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुझी सहाच्या सहा बरोबर होती, पोरी. चाळिसांत तू एकटी."

तिनं एक शेंग फोडली. दाणे वाटीत पाडले. आणखी एक फोडली. बापाला वाटलं, आता हिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी उतरेल.

"बाबा, हे कशाला सांगितलंत?"

"अगं, तू चुकली नाहीस..."

"चुकले असते तर बरं होतं. चुकलेलं दुरुस्त करता येतं. हळू असते तर हात चपळ केला असता. बरोबर होते, मग आता काय दुरुस्त करू?" आवाज चढला नव्हता. वाटीकडंच बघत बोलत होती. "मला तेव्हा कळत होतं बाबा. शेजारचा मुलगा सातवं माप घेत होता आणि मी हात बांधून बसले होते. वाटलं, घ्यावं मोजायला. मग तुमचा आवाज ऐकू आला. मुरू दे."

आई म्हणाली, "अगं, त्यांच्याकडं तरी बघ."

"मी त्यांच्याकडंच बघत आले गं," मुलगी म्हणाली.

मायक्रॉननं फाइल काढून कात्रणं चाळली आणि परत ठेवून दिली. कात्रणं तरी कुणाच्या डोक्यावर हाणणार.

पंधरा दिवसांनी मामाच्या ओळखीनं तिला काम मिळालं. कपडे धुण्याच्या यंत्रांची कंपनी होती. तक्रारीचे फोन घ्यायचे. मामानं यावेळी एकही टोमणा मारला नाही, हेच जास्त लागलं. पहिल्या दिवशी निघताना तिनं मायक्रोमीटरची लाकडी पेटी कपाटातनं काढून बापाच्या खाटेवर ठेवली. "तुमच्याकडं राहू दे. तिथं धूळ बसेल." बापानं पेटी उघडली. आत सगळं पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवलेलं होतं, त्यानंच शिकवलं होतं तसं, पुष्कळ दिवस ठेवून द्यायची वस्तू ठेवतात तसं.

संध्याकाळी ती आली. कानावर दिवसभर यंत्र लावून कानामागं लाल वळ उठला होता. आईनं चहा ठेवला.

"कसं आहे काम?"

"सोपं आहे."

"तुझं शिक्षण लागतं का गं तिथं?"

"विचारलं त्यांनी. अभियंता म्हटल्यावर खूश झाले. म्हणाले, आमच्याकडं निम्मे अभियंतेच आहेत. माझ्या डाव्या हाताला बसतो तो विमानांचं इंजिन शिकलाय."

"आणि काय शिकवलं आज?"

मुलीनं कप उचलला. "एक फोन चार मिनिटांत संपवायचा. समोरच्याचं बोलणं पुरतं झालं नसलं तरी उत्तर द्यायला लागायचं. समोर पडद्यावर आकडा दिसत असतो, चार मिनिटं झाली की लाल होतो." तिनं कपाला ओठ लावले, चटका बसला, तरी घोट घेतला. "थांबायचं नाही, एवढंच लक्षात ठेवायचं. बाकी काही नाही."

"मग जमेल की तुला," आई म्हणाली, काहीतरी म्हणायला हवं म्हणून.

"आज दोनदा लाल झाला," मुलगी म्हणाली. "जमेल."

मायक्रॉन खुंटीपाशी उभा होता. स्वेटर काढून हातात घेतला, घडी घातली, आणि ती कुठं ठेवावी हे न कळून तसाच हातात धरून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात जाताना त्याच्या सायकलच्या हँडलला काही नव्हतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "काका, आज स्वेटर विसरलात?"

"नाही," मायक्रॉन म्हणाला आणि आत गेला, त्या छत्तीस अंशांच्या खोलीत बसायला. अजून सात महिने होते.